पट्टीवरचं नाव आणि नळीखालची अक्षरं

जुन्या जर्मन शिकारी बंदुकीवर नाव बहुधा असतंच. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, कधी सोन्याच्या तारेने भरलेलं, कधी नुसतं कोरलेलं, शेजारी गावाचं नाव. वारसाने अशी बंदूक हाती आलेला माणूस ते नाव वाचतो, शोधतो, आणि बर्लिनच्या किंवा ड्रेस्डेनच्या एखाद्या दुकानापाशी येऊन थांबतो. दुकान खरंच होतं, मालकही त्याच नावाचा होता. पण त्याने ती बंदूक घडवली असेलच असं नाही. बऱ्याचदा त्याने ती तयार मागवली, पट्टीवर आपलं नाव घातलं आणि विकली. घडवणाऱ्यांच्या खुणा दुसरीकडे असतात: नळीच्या पोटाखाली, बंदूक बंद असताना दिसत नाहीत अशा जागी. शोध तिथून सुरू करावा आणि पट्टीवरच्या नावाकडे नंतर यावं, असं मी सुचवेन.

आधी या बंदुकांच्या जातीविषयी थोडं. आपल्याकडे एकनळी आणि दुनळी माहीत आहेत, आणि दुनळी म्हणजे दोन्ही नळ्या छऱ्यांच्या. जर्मन कारागिरांनी एकाच दस्त्यावर छऱ्याची नळी आणि आटे पाडलेली गोळीची नळी एकत्र बसवली. दोन नळ्या शेजारी-शेजारी, एक छऱ्याची आणि एक गोळीची, तर ती ब्युक्सफ्लिंट. त्याच दोन वर-खाली असतील तर बॉकब्युक्सफ्लिंट. वर छऱ्यांच्या दोन आणि खाली मधोमध गोळीची एक, तर ड्रिलिंग. ही सर्वांत जास्त दिसते. चार नळ्या असतील तर फिअरलिंग, पण ती दुर्मीळ. कारण व्यवहारी होतं. जर्मन शिकारी आपल्या ठरलेल्या रानात पायी फिरायचा. त्याच वाटेवर ससा उठेल, फेझंट उडेल, रो जातीचं हरीण उभं असेल किंवा रानडुक्कर समोर येईल. सशाला छरे आणि डुकराला गोळी, आणि खांद्यावर बंदूक मात्र एकच.

आता हात लावण्याआधीची गोष्ट. ड्रिलिंगमध्ये तिन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा, आणि तिसरी विसरू नका. दुनळीची सवय असलेला माणूस दोन नळ्यांत डोकावून बंदूक बंद करतो. अनेक ड्रिलिंगांमध्ये दस्त्याच्या गळ्यावरचा खटका पुढे सरकवला की पुढचा चाप गोळीच्या नळीकडे वळतो आणि पट्टीतून एक छोटा नेम वर उभा राहतो. हा खटका खेळण्यातला नाही. भारतात राहत असाल तर बंदूक परवान्यावर आहे का, आणि परवान्यातला क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी जुळतो का, हे आधी पाहून घ्या. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि घराण्यातून आलेली बंदूकही त्या दोनांत मोजली जाते. शस्त्र कायद्याने जुन्या नमुन्याच्या, दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा हत्यारांना सूट दिली आहे खरी, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरच्या घरी ठरवू नका. उत्तम अवस्थेतली शंभर वर्षांची ड्रिलिंग आजही चालू शकते.

उघडायची पद्धत सोपी आहे. पुढचं लाकूड, म्हणजे नळ्यांखाली डाव्या हाताने धरतात तो भाग, खिटी दाबून किंवा ओढून सुटतो. मग वरचा खटका फिरवून नळ्या खाली झुकवल्या की त्या बिजागरीवरून उचलून वेगळ्या होतात. एवढंच करा. स्क्रूला हात लावू नका. जर्मन स्क्रूंच्या खाचा फार अरुंद असतात आणि बाजारातल्या पेचकसाने त्यांचे ओठ फाटतात; फाटलेले ओठ पाहिले की जाणकार गिऱ्हाईक बंदूक परत ठेवतो. नळ्यांच्या सपाट पोटावर तेल आणि काजळीचा थर असेल तर मऊ फडकं आणि पातळ तेल पुरे. पितळ घासायची पावडर, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यांपैकी काही नको. ठसे उथळ असतात. एका उत्साही रविवारी शंभर वर्षांचा पुरावा पुसला जातो.

ते ठसे वाचायच्या आधी कारखाना कसा चालायचा हे कळलं पाहिजे, नाहीतर ‘बनवणारा कोण’ हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. यातल्या पुष्कळ बंदुका थुरिंगियाच्या डोंगराळ भागातल्या सूल या गावच्या, किंवा शेजारच्या झेला आणि मेहलिसच्या. सूलमध्ये मोठे कारखाने होते: 1751 पासूनचा जे. पी. झाउअर उंट झोन, 1840 चा सी. जी. हेनेल, 1885 चा ग्राइफेल्ट, 1898 चा गेब्र्युडर मेर्केल. पण त्यांच्या आजूबाजूला घरोघरी काम करणाऱ्या कारागिरांची जाळी होती. एक घर फक्त नळ्या जोडायचं. दुसरं मागचा पोलादी सांगाडा घडवायचं, तिसरं अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवायचं, चौथं हरणं आणि ओकची पानं कोरायचं, पाचवं पोलादाला पाणी द्यायचं. एका बंदुकीवर सात-आठ जणांचे हात. पुढे ती बंदूक कुणाच्या नावाने विकली जाईल हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसेल. त्यामुळे ‘बनवणारा’ म्हणून कधी कारखाना सापडतो, कधी नळ्या जोडणारा, कधी विकणारा, आणि कधी फक्त गाव आणि वर्ष. शेवटचं उत्तरही उत्तरच असतं. उलट, पुरावा नसताना ठोकून दिलेलं मोठं नाव बंदुकीची किंमत दोनदा खोटी करतं: विकताना एकदा आणि परत विकताना एकदा.

आता नळ्यांचं पोट. इथे सर्वांत उपयोगी काय असेल तर सरकारी चाचणीचे ठसे. जर्मन साम्राज्याने 19 मे 1891 रोजी बंदुकांच्या सक्तीच्या चाचणीचा कायदा केला आणि 1 एप्रिल 1893 पासून तो अमलात आला. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवायची, नंतर तपासायची, आणि टिकली तर ठसा मारायचा. ठसा म्हणजे छोटा मुकुट आणि त्याखाली एक अक्षर. ‘बी’ म्हणजे चाचणीची गोळी झाडली. ‘यू’ म्हणजे त्यानंतर तपासणी झाली. ‘एस’ म्हणजे गुळगुळीत, छऱ्याची नळी. ‘जी’ म्हणजे आटे पाडलेली नळी. ‘डब्ल्यू’ म्हणजे तोंडाशी आवळलेली, आपण जिला चोक म्हणतो ती. 1911 च्या सुधारणेनंतर धूररहित दारूसाठी मुकुटाखाली ‘एन’ आला. मुकुट नसलेला गरुडही दिसतो, तो साम्राज्याचा.

यातलं एक अक्षर मला विशेष आवडतं: मुकुटाखालचा ‘व्ही’. कायदा लागू झाला त्या दिवशी दुकानांत आणि गोदामांत ज्या बंदुका तयार पडून होत्या, त्यांच्यावर हा ठसा मारला गेला. साठ्यातला माल, एवढाच त्याचा अर्थ. तो दिसला की बंदूक 1 एप्रिल 1893 च्या आधी तयार झाली हे पक्कं. ठसे अजिबात नसतील तर बंदूक बहुधा त्याहूनही जुनी, किंवा ती जर्मनीची नाही. बेल्जियमच्या लिएजचा ठसा अंडाकृतीत ‘ई-एल-जी’ अशी अक्षरं आणि वर मुकुट असा असतो. अनेक जर्मन दुकानदार लिएजचा माल विकायचे. ऑस्ट्रियातलं फर्लाख गाव तर सूलचं जुळं भावंड म्हणावं इतकं सारखं काम करायचं. ‘एन-पी-एफ’ ही अक्षरं दिसली तर ती फर्लाखची आणि ‘एन-पी-व्ही’ दिसली तर व्हिएन्नाची चाचणी. ‘जर्मन’ म्हणून सांभाळलेल्या बंदुका पोटावरून ऑस्ट्रियन निघतात. अर्थात त्याने त्यांची प्रत कमी होत नाही.

ड्रिलिंगच्या पोटावरचे ठसे प्रत्येक नळीचे वेगवेगळे मोजावेत. छऱ्याच्या दोन नळ्यांवर ‘एस’ आणि बहुधा ‘डब्ल्यू’ जोडीने आणि आटेदार नळीवर ‘जी’, अशी मांडणी अपेक्षित आहे. एका नळीवरचे ठसे बाकीच्यांपेक्षा निराळ्या काळाचे असतील, तर ती नळी नंतर बदलली गेली किंवा आतून मोठी केली गेली. मग तारीख सांगताना दोन तारखा सांगाव्या लागतात.

आकड्यांकडे आता जरा धीराने पाहा. वर्तुळात 12, 16 किंवा 20 असेल तर तो छऱ्याच्या नळीचा बोअर. जर्मनीत 16 बोअर फार लोकप्रिय होता. आपल्याकडच्या ‘बारा बोअर’मागचा हिशोब तोच आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. खरी गंमत पुढे आहे. जुन्या काळी आटेदार नळीही याच हिशोबाने मोजली जायची. म्हणून पोटावर 172,28 किंवा 118,35 किंवा 67,49 असे विचित्र आकडे दिसतात आणि लोक त्यांना अनुक्रमांक समजून वहीत लिहून ठेवतात. पौंडाला 172.28 गोळ्या म्हणजे व्यास 7.62 मिलिमीटर, 118.35 म्हणजे साधारण 8.6 मिलिमीटर, 67.49 म्हणजे 10.4. नळीत जो मापक शिरला त्याचं हे माप, त्यामुळे प्रत्यक्ष नळी त्याहून किंचित मोठी असते. साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मिलिमीटर आले आणि मग ‘8,7’ अशा आकड्याशेजारी काडतुसाच्या पुंगळीची लांबी, समजा 72, दिसू लागते. थोडक्यात, पौंडाच्या हिशोबातला आकडा दिसला तर बंदूक 1893 ते साधारण 1912 या खिडकीत बसते. अक्षर एकही न वाचता वीस वर्षांचा पट्टा हाती आला.

काही आटेदार नळ्यांखाली दारूचं वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं, जसं 2,67, आणि शेजारी संक्षेप. ‘जी-बी-पी’ ही लष्करी रायफलीची पापुद्र्यासारखी धूररहित दारू. ‘एन-जी-पी’ हे त्याआधीचं काळं दारूचूर्ण. ‘एस-टी-एम-जी’ म्हणजे पोलादी आवरणाची गोळी. ही कुणाच्या नावाची आद्याक्षरं नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांतल्या सूलच्या बंदुकांवर तर तारीख सरळ लिहिलेली असते, फक्त ती तारीख आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. एक आकडा, त्याखाली 4.28 किंवा 11 27 अशी जोडी. खालची जोडी महिना आणि वर्ष: एप्रिल 1928, नोव्हेंबर 1927. वरचा आकडा चाचणीघराच्या वहीतला क्रमांक. ठिपका पुसला गेला असेल तर 428 हा आकडा उरतो, आणि परवान्याच्या नोंदीत तोच ‘बंदूक क्रमांक’ म्हणून शिरण्याची शक्यता असते. तुमच्या कागदपत्रांत असं काही झालं आहे का ते पाहून घ्या. 1 एप्रिल 1940 पासून मुकुटाची जागा गरुडाने घेतली आणि ‘एन’वर गरुड दिसू लागला. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत गरुड कायम राहिला आणि वर्ष अक्षरांत लपलं: ए म्हणजे 0, बी म्हणजे 1, असं करत आय म्हणजे 8 आणि के म्हणजे 9, ‘जे’ गाळलेला. ‘जी-एच’ दिसलं तर 1967, ‘आय-बी’ दिसलं तर 1981. शेजारी हरणाचं शिंग असेल तर चाचणी उल्मच्या चाचणीघराची.

उल्मचा उल्लेख उगीच नाही. 1945 च्या एप्रिलमध्ये सूल अमेरिकी सैन्याच्या हाती पडलं आणि जुलैत ते सोव्हिएत सैन्याकडे गेलं. कारखाने, यंत्रं, वह्या, सगळंच त्या उलथापालथीत सापडलं. सूलच्याच क्रीगहोफ कारखान्याचा व्यवहार उल्मला उभा राहिला, झाउअर बाल्टिक किनाऱ्यावरच्या एकेर्नफोर्डला गेला. म्हणून ‘झाउअर’ एवढं नाव पुरत नाही. सूल लिहिलेला झाउअर आणि एकेर्नफोर्ड लिहिलेला झाउअर यांच्यात एक युद्ध आणि एक सरहद्द आहे. याच काळात अमेरिकी सैनिकांनी अनेक ड्रिलिंग घरी नेल्या. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना जुन्या बंदुकांच्या दुकानांत त्या भेटतात त्याचं हे कारण.

आता पट्टीवर यायला हरकत नाही. तिथे काय लिहिलंय ते आधी शब्दशः उतरवून घ्या. अक्षरं जुन्या गॉथिक वळणाची असतील तर घाईने वाचू नका. त्या लिपीतला लांब ‘एस’ हमखास ‘एफ’ वाचला जातो. मग जे नाव नाही ते आधी बाजूला काढा. ‘क्रुप’ हे बंदूककाराचं नाव नाही. एसेनच्या क्रुप कंपनीचं पोलाद नळ्यांना वापरलं आणि ते अभिमानाने कोरलं, एवढाच त्याचा अर्थ. त्याच्याबरोबर ‘फ्लुसश्टाल’ असेल, म्हणजे ओतीव पोलाद. तीच गोष्ट ब्योलर, पोल्डी आणि वित्तेनची. ‘गेस. गेश.’ म्हणजे कायद्याने संरक्षित. ‘होफलिफेरांट’ म्हणजे राजदरबाराला माल पुरवणारा. ‘वाफेनफाब्रिक’ म्हणजे शस्त्रांचा कारखाना. पण हा शब्द दुकानदारही खुशाल लावायचे, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नये.

राहिलेलं नाव मोठ्या व्यापाऱ्यांपैकी आहे का ते पाहा. बर्लिनचा गुस्टाफ गेन्शो, ज्याच्या काडतुसांवर ‘गेको’ लिहिलेलं असायचं. आल्ब्रेख्त किंट, ज्याचं चिन्ह ‘अकाह’. हार्त्स डोंगराजवळच्या क्राइएन्झेनचा बुर्गस्म्युलर. हॅम्बर्गचा अडोल्फ फ्रँक, ज्याने 1911 मध्ये ‘आल्फा’ नावाचा जाडजूड सचित्र कॅटलॉग काढला. यांच्यापैकी कुणाचं नाव असेल तर ती बंदूक घाऊक व्यापाराची, आणि घडवणारा सूलमध्ये शोधायचा. त्या ‘आल्फा’ कॅटलॉगच्या पुनर्मुद्रित प्रती मिळतात. आपली बंदूक त्यात चित्रासह सापडली तर तिचा नमुना आणि त्या वेळची किंमतही कळते.

नाव छोट्या गावातल्या कुणाचं असेल तर गावाचं स्पेलिंगच तारीख सांगतं. कोलोन शहर ‘सी’ने लिहिलं असेल तर बंदूक बहुधा 1919 च्या आधीची, त्या वर्षी ‘के’ अधिकृत झाला. ‘झेला सांक्ट ब्लासी’ असं लिहिलं असेल तरी तेच, कारण 1919 मध्ये झेला आणि मेहलिस एक झाले आणि नाव झेला-मेहलिस झालं. ब्रेस्लाउ, श्टेटिन, डांत्सिश ही शहरं आज पोलंडमध्ये आहेत. तिथल्या दुकानदाराचा शोध जुन्या जर्मन नावानेच घ्यावा लागतो.

कारखान्याच्या नावांतही सापळे आहेत. सूलमध्ये मेर्केल आडनावाचे एकाहून अधिक बंदूककार होते. गेब्र्युडर मेर्केल हा सर्वांत नामांकित, म्हणून बाजारात प्रत्येक मेर्केल तोच ठरतो. ओस्कार मेर्केल निराळा. ‘झेम्पर्ट उंट क्रीगहोफ’ आणि ‘हाइनरिश क्रीगहोफ’ एकाच घराण्यातले असले तरी वेगळ्या कंपन्या. झाउअर ओळखायला सोपा, त्याच्या चिन्हात सोटा घेतलेला रानटी माणूस असतो. आणि झिमसनची कहाणी तर बंदुकीच्या पट्टीवर मावणारी नाही. झिमसन उंट कंपनी ही सूलमधल्या ज्यू कुटुंबाची मोठी कंपनी. 1935 मध्ये नाझी सत्तेने ती त्यांच्याकडून हिसकावून घेतली, कुटुंबाला देश सोडावा लागला, कारखान्याचं नाव आधी बर्लिन-सूलर वाफेन, ‘बी-एस-डब्ल्यू’, आणि पुढे गुस्टलोफ झालं. त्यामुळे ‘झिमसन उंट कंपनी’ लिहिलेली शिकारी बंदूक त्या जबरदस्तीच्या आधीची आणि ‘बी-एस-डब्ल्यू’ची तिच्यानंतरची. यंत्रं तीच, कामगारही बरेच तेच.

नाव अपुरं असेल किंवा पुसलं गेलं असेल तर पुन्हा नळीच्या पोटाकडे या, यावेळी छोट्या आद्याक्षरांसाठी. सरकारी ठशांमध्ये न बसणारी दोन अक्षरं, अनेकदा मुकुटाशिवाय, कडेला मारलेली: ती बहुधा नळ्या जोडणाऱ्याची. ‘एल-के’ म्हणजे सूलचा लुई केल्बर. हा माणूस पट्टीवर सहसा दिसत नाही, पण कितीतरी दुकानदारांच्या बंदुकांखाली त्याची अक्षरं आहेत. पट्टीवर हॅनोव्हरचा दुकानदार, पोटाखाली ‘एल-के’ आणि सूलची चाचणी, असं एकत्र मिळालं की चित्र बरंच पूर्ण होतं: नळ्या सूलच्या, विक्री हॅनोव्हरची. बाकीच्या कारागिरांचीही आद्याक्षरं सांगाड्याच्या आत किंवा दस्त्याखाली सापडतात, कधी दस्त्याच्या लाकडात पेन्सिलीने लिहिलेलंही. पण त्यासाठी दस्ता उतरवावा लागतो आणि ते काम बंदुकीच्या जाणकार कारागिरावर सोपवावं.

यंत्ररचना पाहून बनवणारा ठरवायला जाऊ नका. वरच्या पट्टीतून आडवा जाणारा ग्रीनरचा बोल्ट मूळ बर्मिंगहॅमचा आणि त्यावर अर्ध्या युरोपने हात मारला. वर-खाली नळ्यांना दोन्ही बाजूंनी धरणारा केर्स्टनचा कुलूपबंद मेर्केलमुळे गाजला, पण इतरांनीही वापरला. एक अपवाद मात्र आहे: फ्रांकफुर्ट अॅन डेअर ओडरचा कोलाथ. त्याच्या बंदुकीच्या नळ्या खाली झुकण्याआधी पुढे सरकतात आणि त्याचे छऱ्याच्या नळीचे क्रमांकही स्वतःचे, नेहमीच्या बोअरशी न जुळणारे. वर्तुळात 5 दिसला म्हणून ती तोफ आहे असं समजू नये.

पेटंटचे आकडे मात्र तपासण्यासारखे. ‘डी-आर-पी’ म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, 1877 पासून. ‘डी-आर-जी-एम’ म्हणजे छोट्या उपयोगी नमुन्याची नोंद, 1891 पासून. ‘डी-आर-पी’चा क्रमांक असेल तर जर्मन पेटंट कार्यालयाच्या ‘डेपाटिसनेट’ या खुल्या संग्रहात तो टाकून मूळ कागद, आकृतीसह, घरबसल्या बघता येतो. पेटंटावरचा माणूस त्या खटक्याचा शोधक. बंदूक त्याची असेलच असं नाही. पण बंदूक पेटंटच्या तारखेआधीची नाही, एवढं नक्की होतं. ‘डी-आर-जी-एम’चा मूळ मजकूर सहसा हाती लागत नाही, त्यात वेळ घालवू नका. निर्यातीच्या मालावर इंग्रजीत ‘जर्मनी’ असा शिक्का असेल तर तो 1880 च्या दशकाच्या अखेरीनंतरचा. ब्रिटन आणि अमेरिकेने तेव्हापासून देशाचं नाव मागायला सुरुवात केली. लंडनमार्गे आलेल्या बंदुकांवर ब्रिटिश चाचणीचे ठसेही असतात, आणि 1925 नंतर ‘नॉट इंग्लिश मेक’ असं फटकळ वाक्य. भारतात आलेल्या बंदुकांवर हे शोधून पाहण्यासारखं आहे.

दुकानदाराचा काळ ठरवायला जर्मन शहरांच्या जुन्या पत्तासूच्या फार कामाच्या. त्या दरवर्षी छापल्या जायच्या, धंद्यानुसार याद्या असायच्या, आणि अनेक शहरांच्या आता इंटरनेटवर चढवलेल्या आहेत. जर्मन वंशावळी अभ्यासकांच्या संस्थांनी आणि ड्रेस्डेनच्या राज्य ग्रंथालयासारख्यांनी हे काम केलं आहे. ‘ब्युक्सेनमाखर’, म्हणजे बंदूककार, या मथळ्याखाली नाव कोणत्या वर्षी प्रथम येतं, पत्ता कधी बदलतो, ‘विधवा’ असं कधी लिहिलं जातं, हे पाहा. पट्टीवर रस्त्याचं नाव असेल तर कधीकधी दोन-तीन वर्षांपर्यंत नेम बसतो.

इतकं जमलं की मगच जाणकारांना लिहा. सूलचं शस्त्रसंग्रहालय त्या गावातल्या जुन्या माल्टहाउसच्या लाकडी चौकटींच्या इमारतीत आहे. जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकांना एर्फुर्टहून रेल्वेने तिथे जाता येईल. एक दिवस तिथे घालवला तर या लेखातली अर्धी नावं काचेमागे प्रत्यक्ष दिसतील. अमेरिकेत जर्मन बंदुकांच्या संग्राहकांची एक संघटना आहे, तिच्या सभासदांनी कारागिरांच्या आद्याक्षरांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. पत्रात ‘ही बंदूक कुणाची आणि किंमत किती?’ असं एका ओळीत विचारलं की उत्तरही एका ओळीचं येतं. त्याऐवजी पट्टीवरचा मजकूर अक्षरशः, पोटावरचे सर्व ठसे नळीनुसार, सगळे आकडे आणि नळ्यांची लांबी असं द्या. छायाचित्रं दिवसाउजेडी, खिडकीशी, प्रकाश एका बाजूने येईल अशी घ्या. फ्लॅशने चमक येते आणि ठसा सपाट दिसतो. परवान्याचा कागद, पत्ता आणि पूर्ण अनुक्रमांक अनोळखी माणसाला पाठवू नका, शेवटचे दोन अंक झाका. बंदूक किंवा तिचा कोणताही भाग टपालाने परदेशी पाठवण्याचा विचारही नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावस्तूंचा 1972 चा कायदाही लागू होऊ शकतो आणि तिची निर्यात सरकारी परवानगीशिवाय होत नाही.

तारीख आणि गाव ठरल्यावर एक सवाल हमखास येतो: कोणतं काडतूस बसतं? इथे मात्र अंदाज करू नका. जुन्या जर्मन 16 बोअरच्या नळ्यांत काडतूस बसतं ती खोली बहुधा 65 मिलिमीटरची असते आणि आजचं काडतूस 70 चं. ते आत जातं, बंद होतं, पण उडताना त्याच्या तोंडाला उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. आठ मिलिमीटरच्या आटेदार नळ्यांत दोन व्यास आहेत, 8.07 आणि 8.20 मिलिमीटरच्या गोळ्यांचे. मोठी गोळी लहान नळीत ढकलली जाणं धोक्याचं आहे, आणि पुंगळीवरून ते कळत नाही. परवानाधारक कारागिराकडून नळीच्या खोलीचा साचा काढून घ्यावा, म्हणजे त्यात गंधकासारखा पदार्थ ओतून माप घेतात, आणि मग ते माप पोटावरच्या आकड्याशी ताडून पाहावं. दोन्ही जुळले नाहीत तर नळीवर नंतर काम झालेलं आहे, आणि तुमच्या वहीतल्या तारखेसमोर तेवढी नोंद वाढवावी लागेल.